मानाच्या माणसाचे जुगाराचे कर्ज कुटुंबाने किती वेळा फेडावे?

प्रश्न
पाचपाखाडीचा भाचा, ठाणे

माझे मामा ठाण्यातील एका शाळेत गणित शिकवत होते आणि निवृत्तीपूर्वीची काही वर्षे तेथेच मुख्याध्यापक होते. त्यांच्यासोबत गोखले रोडने चालायला निघाले, तर स्टेशन गाठायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागे, कारण वाटेत कोणी ना कोणी जुना विद्यार्थी स्कूटर बाजूला लावून पाया पडायला येई. दोन भावांचा वाटणीचा तंटा असो, एखाद्याच्या मुलाने अभियांत्रिकी अर्ध्यावर सोडलेली असो किंवा पुनर्विकासाच्या करारातील एखादे कलम कळत नसो, आमच्या भागातील लोक आधी सरांकडे जात. त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई, आणि हळूहळू त्यांनाही तो शेवटचाच वाटू लागला.

२०२० च्या टाळेबंदीत शिकवण्या बंद पडल्या, हाती रिकामा वेळ आला आणि मामा शेअर बाजाराकडे वळले. आरंभी त्यांनी चांगल्या कंपन्यांचे शेअर्स घेतले, परंतु ते लवकरच ऑप्शन्सकडे, म्हणजे भाव चढेल की उतरेल यावरच्या सौद्यांकडे, ओढले गेले, कारण तेथे सकाळी लावलेल्या पैशाचा निकाल दुपारी साडेतीनला समोर येतो. पहिल्या वर्षी त्यांना खरोखरच नफा झाला. मामींना पैठणी आली, आजीच्या खोलीत एसी बसला, आणि ‘ज्याने आयुष्यभर संभाव्यता शिकवली त्याला बाजार काय शिकवणार’ हे वाक्य आम्ही प्रत्येक सणावाराला ऐकू लागलो. पुढे तोटा सुरू झाला, तरी ते वाक्य मागे घेणे त्यांना जमले नाही.

त्यानंतर ग्रॅच्युइटी गेली, फंड गेला, मुदतठेवी मुदतीआधी मोडल्या गेल्या. थोरल्या मामांनी चिपळूणजवळची वडिलोपार्जित जमीन विकून एकदा सर्व देणी भागवली. त्या वेळी मामांनी आजीच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली आणि काही महिने ते शांतही होते. मग मोबाइलवरील रमी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हा आता तरी सुटले असे आम्हांला वाटले, परंतु आज ते एका बुकीकडे उधारीवर क्रिकेटच्या सामन्यांवर पैसे लावतात. मामींच्या पाटल्या आणि मोहनमाळ सोनेतारणात अडकली आहे. वागळे इस्टेटकडील एका माणसाकडून त्यांनी शेकडा दहा रुपये महिना दराने रक्कम उचलली असून त्याला सही केलेले कोरे धनादेश दिले आहेत. सर्व मिळून देणे ३५ लाखांच्या पुढे असावे असा आमचा अंदाज आहे.

दोन गोष्टी मनातून जात नाहीत. मामा सर्व व्यवहार एका लांब वहीत लिहितात. शाळेत ज्या वहीत गुण भरत तशीच ती वही आहे, पट्टीने आखलेले रकाने आहेत, अक्षर अजूनही मोत्यासारखे आहे. ती वही मी मामींसोबत पाहिली. जिंकलेल्या दिवसांपुढे रकमा लिहिलेल्या आहेत आणि हरलेल्या दिवसांपुढे केवळ तारीख आहे, रकाना कोरा आहे. दुसरी गोष्ट गणेशोत्सवाची. आमच्या मंडळाच्या वर्गणीपुस्तकातील पहिली पावती दर वर्षी मामांच्या नावाने फाडली जाते. या वर्षी घरात गॅस सिलिंडरचे पैसे मामींनी शेजारून हातउसने घेतले होते, आणि मामांनी त्या वागळे इस्टेटच्या माणसाकडून रक्कम आणून ११,००० रुपयांची पावती घेतली. मी त्यांना थांबवायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, “पहिली पावती माझी नसली तर लोक विचारतील.”

आता घरात दोन तट पडले आहेत. आजी आणि थोरले मामा म्हणतात की मामींच्या नावावरचा डोंबिवलीचा लहान फ्लॅट विकून एकदाचे सर्व फेडावे, म्हणजे चार लोकांत नाव राहील. माझी आई आणि मी याच्या विरुद्ध आहोत, पण आमच्याजवळ दुसरा मार्गही नाही. डॉक्टरांचे नाव काढले की मामा “मला वेडा ठरवता का?” असे विचारून जेवणावरून उठतात. आणखी एक भीती आहे, जी मी घरात अजून बोललेलो नाही: मामा सोसायटीचे खजिनदार आहेत. पैसे फेडावेत की नाही, सावकाराचे आणि बुकीचे देणे कायद्याने द्यावेच लागते का, आणि अशा मानी माणसाला उपचारापर्यंत कसे न्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


उत्तर
समुपदेशक, कोपरी

आपण वर्णन केलेली स्थिती हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे, ही गोष्ट सर्वप्रथम आजींना आणि थोरल्या मामांना सांगावी. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत एका गटात घेतले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही त्याची स्वतंत्र नोंद आहे. किती खेळायचे यावरचा ताबा सुटणे, संसारातील इतर सर्व गोष्टींच्या आधी डाव येणे आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असतानाही खेळ चालू राहणे, ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. मामांच्या बाबतीत तिन्ही दिसतात. खेळ बदलत गेला, बाजार झाला, रमी झाली, क्रिकेट झाले. आजार मात्र एकच आहे, आणि म्हणूनच एका खेळावर बंदी आल्यावर तो बरा झाला नाही.

मानी माणसाला जुगार लवकर लागतो असे मी म्हणणार नाही, कारण तो कोणालाही लागतो. परंतु मानी माणसाला त्यातून बाहेर पडणे फार कठीण जाते. सामान्य माणूस हरतो तेव्हा त्याचे पैसे जातात. मामांसारखा माणूस हरतो तेव्हा पैसे जातात आणि आपण चुकलो हेही सिद्ध होते. पैसे गेल्याचे दुःख सोसता येते, पण चुकल्याचा डाग पुसायचा तर त्याच जागी, त्याच खेळात जिंकून दाखवण्यावाचून त्यांना दुसरा उपाय दिसत नाही. तोट्यामागे धावणे हे या आजाराचे सर्वांत ओळखीचे लक्षण आहे आणि त्याला बळ मिळते ते याच जाणिवेतून. त्या वहीतील कोरे रकाने मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटतात. ज्या शिक्षकाने मुलांना उत्तर चुकले तरी पायऱ्या लिहायला लावल्या असतील, त्याला स्वतःची वजाबाकी कागदावर पाहवत नाही.

गणिताच्या ज्ञानाने संरक्षण मिळेल ही समजूतही तपासून पाहायला हवी. एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की ज्यांनी लॉटरीचे तिकीट स्वतः निवडले होते, ते लोक ते परत विकताना कितीतरी अधिक किंमत मागत होते. ज्यांच्या हाती तिकीट नुसते ठेवले होते, ते मात्र स्वस्तात द्यायला तयार होते. सोडतीत दोघांची संधी सारखीच होती. आपल्या निवडीमुळे, आपल्या अभ्यासामुळे निकाल आपल्या बाजूने झुकतो हा भास हुशार माणसाला अधिक पटतो, कारण आयुष्यात इतरत्र त्याची हुशारी खरोखर उपयोगी पडलेली असते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्या १ कोटीत गणित जाणणारे कमी नसतील. हे आकडे मामांना वाद घालण्यासाठी सांगू नयेत. ते हरले यात त्यांची बुद्धी कमी पडली नाही, एवढे त्यांना कळावे यासाठी सांगावेत. मानी माणसाला हा फार मोठा दिलासा असतो.

आता फ्लॅटविषयी. तो विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्यांनी एकरकमी कर्ज फेडले की जुगाऱ्याच्या मनात त्याची नोंद ‘संकट टळले’ अशी होत नाही, ‘पुन्हा पत मिळाली’ अशी होते, आणि बुकीही पुन्हा उधारी देऊ लागतो. चिपळूणची जमीन गेल्यानंतर नेमके हेच झाले आहे. शिवाय आजी आणि थोरले मामा जे वाचवू पाहत आहेत ते मामांचे नाव आहे, आणि त्या नावाच्या काळजीपोटीच तर मामा ११,००० रुपयांची पावती शेकडा दहाने फाडत आहेत. कुटुंब आणि रुग्ण दोघेही एकाच गोष्टीवर पांघरूण घालू लागले की त्या पांघरुणाखाली आजार निर्धास्त वाढतो.

त्याऐवजी पैशाची वाट बंद करावी. निवृत्तिवेतन ज्या खात्यात येते ते मामींसह संयुक्त करून घ्यावे, एटीएम कार्ड आणि बँकिंगची ॲप्स मामींकडे द्यावीत, डिमॅट खात्यातील डेरिव्हेटिव्हची, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सची, सुविधा लेखी अर्ज देऊन बंद करावी आणि मामांच्या हाती रोजच्या खर्चापुरतेच पैसे असावेत. हे त्यांच्या संमतीनेच होऊ शकते. ती संमती मिळवायची असेल, तर डॉक्टरांचे नाव आधी न काढता “झोप लागते का?” येथून सुरुवात करावी. उधारीत अडकलेल्या माणसाला झोप नसतेच, आणि झोपेसाठी डॉक्टरांकडे जाण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. जुगारासोबत नैराश्य असण्याचे प्रमाणही मोठे आहे आणि ते औषधोपचाराने आटोक्यात येते. मामा कंपवातासाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल यांसारखी गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या औषधांमुळे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते, हे नोंदलेले आहे.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. हे रुग्णालय १९०१ सालापासूनचे आहे, आणि त्याच्या फाटकातून आत जाताना आपल्याकडील माणसे अजूनही मान खाली घालतात याचे मला फार वाईट वाटते. मामांना तेथे जाणे जड वाटत असेल, तर १९९० पासून ठाण्यात काम करणारी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून त्यावर मराठीत बोलता येते. मामा तयार नसले तरी मामींनी आजच तेथे बोलावे.

एक गोष्ट मात्र अत्यंत गांभीर्याने घ्यावी. ज्याचे सारे आयुष्य मानावर उभे आहे, त्याचे कर्ज अचानक उघड झाले की पुढचे काही दिवस जिवाच्या धोक्याचे असतात. जुगाराच्या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो. “मी गेलो की विम्याचे पैसे येतील” अशा अर्थाचे वाक्य कानावर आले, तर ते रागाचे बोलणे समजून सोडून देऊ नये; “तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. त्या काळात त्यांना एकटे ठेवू नये.


उत्तर
वकील, कोर्ट नाका

कायद्याच्या अंगाने जे सांगता येते ते सांगतो. कागदपत्रे न पाहता दिलेले हे मत आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कृतीपूर्वी एखाद्या वकिलाला सर्व कागद दाखवावेत.

बुकीचे देणे हे कायद्याच्या दृष्टीने देणेच नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असून त्याची वसुली न्यायालयातून करता येत नाही. आपल्याकडे तर १८६५ चा जुना मुंबई कायदाही आहे, ज्यामुळे पैजेला पूरक म्हणून केलेले करारसुद्धा निरर्थक ठरतात. बुकी हे जाणून असतो आणि म्हणूनच तो न्यायालयात जात नाही, दारात येतो. धमकी आली तर पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. तक्रार दिल्यावर मामांवरही जुगाराचा ठपका येईल या भीतीने बहुतेक कुटुंबे गप्प बसतात आणि बुकी त्याच भीतीवर जगतो.

शेकडा दहाने पैसे देणाऱ्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का, हे आधी पाहावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, कारण सावकारीच्या जिल्हा निबंधकाचे काम तेच पाहतात. कोरे धनादेश हा मात्र चिंतेचा विषय आहे. असा धनादेश वटला नाही, तर धारक परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस पाठवेल, आणि सही मान्य असेल तर धनादेश देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय आधी गृहीत धरते. ते गृहीतक खोडून काढता येते, परंतु त्यासाठी नोटिशीला वेळेत आणि लेखी उत्तर देणे महत्त्वाचे आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते. मानी माणसे नोटिशीचे पाकीट उशीखाली ठेवतात, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की मामींनी टपाल स्वतः घ्यावे असा माझा आग्रह आहे.

ब्रोकरकडील थकबाकीची गोष्ट वेगळी आहे. मान्यताप्राप्त शेअर बाजारातील ऑप्शन्सचे व्यवहार कायदेशीर असल्याने ती पैज ठरत नाही आणि ती बाकी द्यावीच लागते. बँकेचे कर्ज आणि सोनेतारण यांचेही तेच.

मामी या कर्जांवर सहकर्जदार किंवा जामीनदार नसतील, तर नवऱ्याच्या वैयक्तिक कर्जासाठी त्यांच्या नावावरील फ्लॅटला हात लावता येत नाही. म्हणून यापुढे मामींनी वकिलाला दाखवल्यावाचून एकाही कागदावर सही करू नये. उलट बाजूने, मामांच्या नावावरची मालमत्ता घाईने दुसऱ्याच्या नावावर करण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नये. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण न्यायालय रद्द ठरवू शकते.

सोसायटीच्या खात्याविषयी तुमच्या मनात जी भीती आहे, तिच्याकडे मी सर्वांत आधी लक्ष देईन. खजिनदाराने संस्थेचा पैसा स्वतःसाठी वापरला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघात होतो, आणि पैसे नंतर भरले म्हणून गुन्हा आपोआप पुसला जात नाही, जरी न्यायालय त्या भरपाईची दखल घेत असले तरी. धनादेशावर दुसरी सही कोणाची आहे, दुरुस्ती निधीच्या मुदतठेवींच्या पावत्या प्रत्यक्ष जागेवर आहेत का आणि बँकेच्या उताऱ्यावरील शिल्लक हिशेबाशी जुळते का, एवढे पाहावे. सोसायटीच्या सभासदाला हिशेब पाहण्याचा हक्क आहे. सारे जुळत असेल तर मामांनी प्रकृतीचे कारण देऊन त्याच आठवड्यात पदाचा राजीनामा द्यावा आणि दप्तर पावती घेऊन सुपूर्त करावे. जुळत नसेल तर कोणाशीही काही बोलण्याआधी फौजदारी वकील गाठावा.

उपचारासाठी बळजबरीने दाखल करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तोही सोडून द्यावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या प्रौढ माणसाचा निर्णय त्याचाच असतो.


उत्तर
ऐरोलीची वाचक

वरील दोन्ही उत्तरे वाचली आणि दोन्ही योग्य वाटली, परंतु कुटुंबाच्या बाजूने एक गोष्ट मांडावीशी वाटते.

माझे वडील परळच्या एका गिरणीत जॉबर होते. त्या काळी जॉबर म्हणजे खात्यातला लहानसा राजाच. गावाकडून आलेल्या पोराला कामावर लावणे, कोणाची पाळी बदलून देणे, सगळे त्यांच्या शब्दावर चाले. मटका तेव्हा गिरणगावात घरोघरी पोहोचला होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर सुरू झालेला तो आकडा साठच्या दशकात चिठ्ठ्यांवर आणि मग पत्त्यांवर आला, आणि ओपन-क्लोज काय आला हे पाळी सुटताना फाटकावरच कळत असे. वडील चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. लोक त्यांना मान देत, आणि त्यांनी लावलेला आकडा मोठा असला पाहिजे अशीही लोकांची अपेक्षा असे. हे कोणी बोलून दाखवत नसले तरी वडिलांना ते पुरते ठाऊक होते.

आईने शेवटी काय केले, तर एका एकादशीला भजन संपल्यावर सर्वांसमोर उभे राहून तिने कर्जाचा आकडा सांगितला. वडिलांचा मटका त्या दिवसापासून कमी झाला आणि पुढे सुटलाही, पण ते पुन्हा कधी भजनाला बसले नाहीत, ऐरोलीला घर झाल्यावर तेथेही कोणाकडे गेले नाहीत, आणि आईशी त्यांचे बोलणे कामापुरते उरले. आईला मी दोष देत नाही. तिच्यापुढे चार मुलांच्या पोटाचा प्रश्न होता आणि तिला विचारायला समुपदेशक नव्हता, वकीलही नव्हता. पण मला असे ठामपणे वाटते की सत्य सांगायचे ते किती लोकांना, हे आधी ठरवावे लागते. ज्यांच्याकडून पैसे उसने घेतले जाण्याची शक्यता आहे, त्यांना ते कळलेच पाहिजे. मंडळातील पोरांना, जुन्या विद्यार्थ्यांना, जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ते कळण्याची गरज नाही.

आणि दुसरे असे की मामांच्या हातून पैसा काढून घ्याल तेव्हा त्यांचा सगळा मान त्या पैशासोबत जाऊ देऊ नका. गणित त्यांना येतेच आहे. दहावीला बसणारी दोन मुले त्यांच्यासमोर बसवा, फी घेऊ नका. माझ्या वडिलांना कोणी पुन्हा पखवाजावर बसवले असते, तर आमच्या घरातील पुढची वर्षे वेगळी गेली असती, असे मला आजही वाटते.


प्रश्नकर्ता
पाचपाखाडीचा भाचा, ठाणे

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. आईने ही उत्तरे आजीला मोठ्याने वाचून दाखवली. फ्लॅट विकायचा नाही यावर थोरले मामा आता सहमत आहेत. ‘पुन्हा पत मिळाली’ हे वाक्य त्यांना लागले, कारण जमीन विकल्यानंतर मामांनी त्यांच्याकडेच पुन्हा पैसे मागितले होते आणि ही गोष्ट त्यांनी आम्हांला आज प्रथमच सांगितली.

सोसायटीच्या बाबतीत मोठाच दिलासा मिळाला. मी सभासद या नात्याने सचिवांकडे हिशेब मागितले. मुदतठेवींच्या पावत्या जागेवर आहेत आणि बँकेची शिल्लक जुळते. मामांनी त्या पैशाला हात लावलेला नाही. हे कळल्यावर मामी पदराने डोळे पुसत म्हणाल्या की इतके झाले तरी तुमच्या मामांनी लोकांच्या पैशाला बोट लावले नाही. मला वाटते की त्यांच्याशी बोलायची सुरुवात येथूनच करता येईल.

कंपवाताची औषधे ते घेत नाहीत, केवळ रक्तदाबाची गोळी चालू आहे. झोपेविषयी मी विचारले, तेव्हा ते प्रथमच उठून गेले नाहीत. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, एवढे बोलले. येत्या रविवारी थोरले मामा आणि मामांसोबत शाळेत शिकवणारे त्यांचे एक जुने सहकारी घरी येणार आहेत. या सहकाऱ्यांकडूनही मामांनी उसने घेतले आहेत, त्यामुळे त्यांना सर्व कल्पना आहे. त्या बैठकीत वही पुढे ठेवावी की नाही, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. सावकाराचा तगादा वाढला आहे. त्याची तक्रार बैठकीआधी करावी की नंतर?


उत्तर
समुपदेशक, कोपरी

वही आपण पुढे ठेवू नये. ती चोरून पाहिली गेली हे कळताच मामांचे सारे लक्ष त्या अपमानाकडे जाईल आणि बैठक तेथेच संपेल. सोसायटीचा पैसा सुरक्षित आहे हे आम्हांला माहीत आहे, एवढे थोरल्या मामांनी आधी सांगावे, मग घरच्या देण्याची एक यादी कोऱ्या कागदावर मामांनाच लिहायला सांगावी. अक्षर त्यांचे असू द्यावे. रक्कम कमी लिहिली तर तेथेच दुरुस्त करायला जाऊ नये. पहिल्या यादीत सहसा सगळे येत नाही, ती दोन-तीन बैठकांत पूर्ण होते. बैठक सकाळी घ्यावी, रात्री नको, आणि त्या दिवशी सामना असेल तर टीव्ही बंद राहील हे पाहावे. मामा मध्येच उठून बाहेर निघाले, तर न अडवता त्यांच्या सहकाऱ्यांनी सोबत चालायला जावे. रविवार आणि त्यानंतरच्या काही रात्री आपण किंवा आपल्या आईने त्यांच्याकडेच मुक्काम करावा. सोमवारची डॉक्टरांची वेळ आजच घेऊन ठेवावी, कारण होकार मिळाल्यावर आठवडाभराने वेळ मिळाली तर मन बदललेले असते.


उत्तर
वकील, कोर्ट नाका

सावकाराची तक्रार बैठकीनंतर करावी, पण फार लांबवू नये. तक्रारीवर सही मामांचीच लागेल आणि दिलेल्या धनादेशांचे क्रमांक त्यांनाच सांगता येतील. ते क्रमांक त्या यादीतच लिहून घ्यावेत. धनादेश कोरे असताना सही घेऊन ठेवले गेले, हे तक्रारीत स्पष्ट नमूद करावे आणि तक्रारीच्या प्रतीवर उपनिबंधक कार्यालयाचा आवक शिक्का घ्यावा, कारण पुढे कलम १३८ ची नोटीस आलीच तर तो शिक्का उपयोगी पडतो. तगाद्याचे फोन मामींनी उचलू नयेत, मात्र आलेले संदेश पुसूही नयेत.